सुकलालभाऊंची नाव अन् माझी ट्रॉली

माझं नाव सलीम, यावलले सगळे सलीम मिस्त्रीच म्हणतात. वडील बैलगाडीच्या चाकाले लोखंडी धाव चढवायचे, मी भाता ओढायचो, मग चाळीसगावले एका दुकानात वेल्डिंग शिकलो अन् इथं येऊन ट्रॉल्या बनवायले लागलो. केळीच्या, कापसाच्या, काय सांगू तुम्हाले भाऊ, माझ्या हातची ट्रॉली गेली नाही असा मळा दाखवा या तालुक्यात. तीच मस्ती नडली.

तापीकाठचे सुकलालभाऊ धरणात मासे धरतात. जुनी पत्र्याची नाव सडली, मग त्यांनी फायबरची घेतली, मागे इंजिन लावायची. उन्हाळ्यात धरणाचं पाणी लांब जातं, नाव या काठावरून त्या काठाले न्यावी लागते, म्हणून म्हणे मिस्त्री, नावेले एक गाडी बनवून द्या. मी म्हटलं त्यात काय, आठ दिवसांत देतो. नाव पाहायले गेलोसुद्धा नाही, नुसती लांबी-रुंदी विचारली. केळीच्या ट्रॉलीसारखाच सपाट सांगाडा केला, त्यावर दोन आडवे अँगल, वर टायरचे तुकडे, अन् कापसाची गाडी आवळतो तशी नाव दोराने आवळली, दोरात दांडकं घालून पीळ दिला. सुकलालभाऊ म्हणे, एवढी आवळू नका हो. मी म्हटलं भाऊ, तुम्ही मासे पाहा, लोखंड माझं काम आहे. आता आठवलं की लाज वाटते, खरंच लाज वाटते.

पाचसहा खेपा झाल्या. मग एक दिवस ते अन् त्यांची बायको, आम्ही अक्का म्हणतो, धरणात मधोमध जाळं ओढत होते अन् अक्का म्हणे, अहो, माह्या पायाले पाणी लागून राह्यलं. अक्काले पोहता येत नाही, भाऊ. ती डब्यानं पाणी उपसत राहिली, सुकलालभाऊ काठाकडे इंजिन पळवत राहिले. आले कसेबसे काठाले.

दुसऱ्या दिवशी सुकलालभाऊ दुकानात आले. शिवी नाही, आरडाओरडा नाही. म्हणे मिस्त्री, पाण्यात नावेले सगळीकडून आधार असतो, तुमच्या गाडीवर तिचं पोट अधांतरी राहतं. मी जाऊन नावेखाली घुसलो, तर बरोबर अँगलच्या जागी तडा. दोनच ठिकाणी टेकलेली, बाकी हवेत, वरून माझा पीळ, अन् इंजिनाचं वजन हातभर मागे लटकत होतं. मले अन्न गोड लागेना. घरी माझी बायको शमीम म्हणे, दोघं वाचले ना, मग जेवा. मी म्हटलं, वाचले ते त्यांच्या नशिबानं, माझ्या कामानं नाही.

तडा सांधून घेतला अन् गाडी मी पहिल्यापासून केली. काळी माती भिजवून चिखल केला, चौघांनी नाव त्यात हलकेच टेकवली अन् उचलली. तिच्या पोटाचा ठसा उमटला, त्यावर सळई वाकवून माप घेतलं, त्या मापानं बाभळीच्या लाकडाचे आधार तासले. मधल्या कण्याखाली लांब फळी, भार तिच्यावर, बाजूंनी फक्त धरून ठेवायचं, अन् सांगाडा इंजिनाच्या पार मागेपर्यंत वाढवला. आधारांवर ओला गेरू लावला, नाव ठेवली, उचलली, जिथं तेवढाच गेरू नावेले लागला तो उंचवटा पुन्हा तासला, सगळीकडे सारखा लागेपर्यंत. सात वेळा. सुकलालभाऊ म्हणे मिस्त्री, आता बस करा. मले बस करवेना.

अन् नाव पुन्हा पाण्यात जायच्या दिवशी मी म्हटलं, अक्काच्या आधी मी बसणार. मलेही पोहता येत नाही. एक हात नावेच्या काठाले धरलेला अन् दुसरा खाली तळाले, बोटं पुन्हा पुन्हा फिरवत होतो, कोरडं आहे का, कोरडं आहे का. मधोमध गेलो, परत आलो. कोरडं होतं.

तेव्हापासून बऱ्याच खेपा झाल्या, पण त्यांची गाडी दुकानावरून जायले लागली की मी हातातलं काम टाकतो, थांबवतो, खाली वाकून हात फिरवतो. सुकलालभाऊ हसतात. अक्का हसत नाही, ती गुपचूप माझ्या तोंडाकडे पाहते, मी मान हलवली की मगच पदर खोचते. अल्ला तिचे पाय कोरडे ठेवो, भाऊ, मले दुसरं काही मागायचं नाही.