रंगरावांच्या विहिरीचा वास

अहो, वास येतोय की नाही, एवढंच तर विचारत होते बिचारे! त्यात माणसाला वेडं ठरवण्यासारखं काय होतं? पण तुम्हाला सांगतो, म्हैसूरच्या आमच्या लष्कर मोहल्ल्यानं रंगराव शिंप्यांना दोन आठवडे वेडं ठरवलं... मोहल्ल्यानं म्हणजे मीसुद्धा हो, भिंतीला भिंत लागून घर माझं! सकाळी मशीनवर बसायचं सोडून हा माणूस तांब्याभर पाणी घेऊन दारोदार, "जरा वास घेऊन सांगता?"

पहिल्यांदा कॉफीला आला वास, रॉकेलसारखा. रंगरावांनी पेला खाली ठेवला, "शांता, स्टोव्हचा हात धुतला नाहीस काय?" झालं! शांताक्का पदर खोचून उभ्या, "अय्यो, माझा हात? आधी स्वतःचा हुंगा की! मशीनच्या तेलाचे डाग काढायला दिवसभर चिंधीवर पेट्रोल घ्यायचं, कापडं पुसायची, आणि बोल कुणाला? मला!" आता हे खरंच होतं हो, शिंप्याच्या बोटांना पेट्रोल काय नवीन? रंगराव उठले. डागांच्या पेट्रोलची बाटली माळ्यावर टाकली, साबण लावून चार-चारदा हात धुतले... आणि धुतले कुठल्या पाण्यानं? त्याच विहिरीच्या!

त्यात तुंगा आली. तुंगा म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, सातवा महिना, पहिलं बाळंतपण. आल्या आल्या घोटभर पाणी प्यायली आणि म्हणते, "अप्पा, आपल्या विहिरीला काय छान वास येतो हो! अजून द्या." डोहाळे! घर नुसतं हरखलं. लेकीचे डोहाळे पुरवायचे नाहीत तर कुणाचे? शांताक्का तांब्यामागून तांब्या भरतायत, शेजारणी हसतायत, "मुलगा होणार बघा, मोटार चालवणारा!" दीड महिना हा सोहळा चालला, आणि एका दुपारी रंगरावांच्या हातातली कात्री थांबली. तुंगालाही वास येतोय. म्हणजे माझ्या हाताचा नाही. म्हणजे पाण्यातच आहे, आणि ते लेकीच्या पोटात जातंय...

माणूस मुळापासून हादरला हो! धावत विहिरीवर गेले, वाकून बघतात तर पाण्यावर रंगीबेरंगी तवंग. शांताक्का म्हणाल्या, "सुम्ने, उगाच घाबरू नका, रहाटाला तुम्हीच तेल घातलंत ना परवा?" पण रंगरावांनी मान वर केली आणि भिंतीपलीकडे बघितलं. पलीकडे जुना पेट्रोल बंक, बंक म्हणजे तुमच्याकडचा पंप, दहा वर्षं बंद. मशीनं काढून नेली होती, पत्रे नेले होते, नावाचा फळासुद्धा नेला होता. जमिनीखालच्या टाक्या काढल्या का, हे मात्र कुणी विचारलंच नव्हतं!

तेव्हापासून तो तांब्या. "जरा वास घेऊन सांगता?" पाण्याच्या ऑफिसात पाच खेपा. तिथला साहेब म्हणतो, "तिकडे ठेवा, तिकडे." ठेवला, तर शिपाई प्यायला! शेवटी एकदाचा साहेब आला, बाटल्या भरून नेल्या, आठवड्यानं परत आला आणि विहिरीवर लाल रंगानं फुली मारली. "नोडी, बघा रंगराव, टाक्या खालीच आहेत, गंजल्यात, झिरपतंय." रंगराव म्हणाले, "साहेब, माझी पोर दीड महिना प्यायलीय." साहेबानं खाली बघितलं. "डॉक्टरांना दाखवा. तुमचं नशीब, वास तरी आला. पुढच्या गल्लीत वासही नाही, आणि पाण्यात आहेच." मी रोज दोन घागरी नेत होतो, माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ठोके नीट आहेत, पण ते पाणी बंद. बाकीचं काय ते बाळ आल्यावर बघू." आता हे 'बाकीचं' ऐकून बापाला झोप लागेल? मन घट्ट करून आठव्या महिन्यात लेकीला परत कुवेंपुनगरला सासरी पोचवलं. शरमेनं मान वर होत नव्हती. विहीणबाई सोयराबाईंनी दारातच ऐकवलं, "पहिलं बाळंतपण आईकडे असतं, असं ऐकून होतो बाई आम्ही." तरी मोठ्या मनानं काचेच्या ग्लासात पाणी आणून दिलं. स्वच्छ, गार.

रंगरावांनी ग्लास नाकाजवळ नेला. "जरा वास..." एवढं ओठांवर आलं आणि गिळलं. वास नव्हता. सोयराबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. समोर तुंगा दोन ग्लास रिचवून पोटावर हात ठेवून निवांत बसलेली. वास नव्हता हो, काहीसुद्धा नव्हता, आणि रंगरावांना त्या साहेबाचं बोलणं आठवलं, 'वासही नाही, आणि पाण्यात आहेच.' वास आला असता तर निदान नको तरी म्हणता आलं असतं!

मग काय, भर उन्हात दोन बसा बदलून आलेला माणूस, घशाला कोरड... डोळे मिटले आणि प्यायले. करणार काय हो? तहान लागली होती!