मशीनला अजून कळलेलं नाही

...नाही, पण मला सांगा, बोट कुणाचं घसरत नाही? माझं घसरलं, ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्याचं! साहेब डोक्यावर उभे, "तो आपला नकाशेवाला गेला ना समोरच्या कंपनीत, त्याचं नाव काढा फोल्डरमधून, आत्ताच्या आत्ता काढा!" काढलं. पण यादीतली सगळीच नावं निवडली गेली होती हो... सगळ्यांची फोल्डर उघडायची परवानगी गेली! माझीसुद्धा! आणि त्या फोल्डरमध्ये काय? पुलाचे नकाशे! दुपारी पाठवायचे, नाही पाठवले तर काम गेलं, आणि कामामागोमाग मी! परवानगी परत देणारा सर्व्हरवाला कुठे? विमानात! फोन बंद!

तेवढ्यात आतून ऑफिसातल्या ताई ओरडल्या, "अहो, मला 'प्रवेश नाकारला' म्हणतंय!" मी भीत भीत माझ्या मशीनवर फोल्डर उघडला, तर... उघडला की! तुम्हाला सांगतो, अंगावर काटा आला. त्याचं काय असतं, आपलं मशीन सर्व्हरला दर वेळी विचारत नाही, "याला आत सोडू का?" एकदा विचारतं, उत्तर लक्षात ठेवतं, त्यावरच थोडा वेळ भागवतं. ताईंनी मशीन आत्ताच चालू केलेलं, माझ्या मशीनच्या डोक्यात मात्र सकाळचा 'हो' होता. मशीनला अजून कळलेलं नाही!

मग काय, लावला पेनड्राइव्ह, नकाशे उतरवायला सुरुवात. हिरवी पट्टी सरकतेय... सरकतेय... थांबली! पुन्हा सरकली! खुर्ची करकरली तरी माझा जीव खाली-वर. शिंक आली, दाबली! हो, उगाच धक्का नको, मशीनला अजून कळलेलं नाही!

ताई दारात. "काय झालं हो?"

"श्श! हळू बोला!"

"का? कोण आजारी आहे?"

आता यांना काय सांगू? पट्टी जवळजवळ भरलेली, चिमूटभर उरलेली, आणि साहेब आले! "झाले का नकाशे? हे काय, अडकलंय वाटतं?"

"नाही साहेब, चाललंय, हात नका लावू..."

"अहो, तुम्हीच ना आम्हाला वर्षानुवर्षं सांगता? काही अडलं की बंद करून चालू करा!" आणि दाबलं हो बटण! माझ्या डोळ्यांदेखत! वर हसतात काय, "शिकलो की नाही तुमच्याकडून?"

मशीन चालू झालं. ताजंतवानं. त्यानं शहाण्यासारखं सर्व्हरला नव्यानं विचारलं. 'प्रवेश नाकारला.' पेनड्राइव्हवर काय? अर्धवट फाईल, उघडतसुद्धा नाही!

साहेब खुशीत केबिनमध्ये गेलेत. मशीनला कळलं हो... साहेबांना अजून कळलेलं नाही.