तडा गेलेले कप आणि एक शांत बाई

...आणि वर मलाच विचारतात, "बाई, तुमच्यात एवढी हिंसा आली कुठून?" आता तुम्हीच सांगा, जी बाई एकोणीस वर्षं रोज साठ कप भिंतीवर फोडतेय, तिच्यात हिंसा उरणार कुठून? असते ती सगळी भिंतीत जाते. मी तशी शांत बाई आहे.

म्हणजे कसं, तुम्हाला सांगते, आमचा कपबशांचा कारखाना. भट्टीतून निघालेले कप माझ्या टेबलावर येतात. डाव्या हातात कप, उजव्या हातात लाकडी दांडी, काठाला हळूच एक टिचकी मारायची आणि कान द्यायचा. चांगला कप म्हणतो टण्ण... बारीक तडा असला, डोळ्यांना दिसतसुद्धा नाही बरं का, तर म्हणतो थद्द. टण्ण पुढे, थद्द मागे, आणि मागे म्हणजे भिंतीवर. नियमच आहे तसा. तडा गेलेला कप अख्खा ठेवायचा नाही, जागच्या जागी फोडायचा, नाहीतर कुणीतरी पिशवीत घालून घरी नेतं. तर मी फोडते. नुसती नाही फोडत, नाव घेऊन फोडते. पहिला नणंदेचा, भवानीचा. दुसरा आमच्या वरच्या मजल्यावर पहाटे खुर्च्या ओढणाऱ्या बाईचा. नवऱ्याचे रोज किमान चार, आणि पलंगावरच्या ओल्या टॉवेलचा एक वेगळा. घरी पोचेपर्यंत मी अशी मऊ झालेली असते की लेक म्हणते, "आई, तू ना संत आहेस." संत कसली ग, साठ जणांना मारून आलेली असते.

तर झालं काय, आमच्या सुपरवायझर बाई निवृत्त झाल्या आणि त्यांची खुर्ची मोकळी झाली. पद-बिद राहू द्या हो, मला खुर्ची हवी होती. एकोणीस वर्षं उभी आहे मी, गुडघे आता वाजवून बघितले तर थद्दच म्हणतील. भरला अर्ज. त्यात एक रकाना, 'गेल्या वर्षातली वैयक्तिक वाढ'. मी लिहिलं, साडेचार किलो. मॅनेजरने चष्मा कपाळावर चढवला. "मॅडम, आतून. आतून किती वाढलात?" आणि समोरच्या टेबलावरची पोरगी, जिला आम्ही सर्टिफिकेट म्हणतो, तिने त्याच रकान्याला तीन कागद जोडले होते. त्या दिवशी तिच्या नावाचे सात फोडले. मी तशी शांत बाई आहे.

नणंदेला फोन केला. ती असले वर्ग करते, आतून खूप वाढलेली आहे. "अहो वहिनी, सोप्पं आहे. धावपळीच्या आयुष्यात रोज एक तास फक्त स्वतःला द्या. आमच्या सरांची भाषणं पाठवते, एकवीस दिवसांत माणूस बदलतो." एक तास... कुठून आणू? बाथरूममध्ये पाच मिनिटं जावं तर दारावर सासूबाई, "आत आहेस का ग?" नाही हो सासूबाई, मी बाहेरच आहे, आत पाणी आपोआप पडतंय. सकाळी डबे, संध्याकाळी स्वयंपाक, मधे बस, बसमध्ये उभं राहून झोप. शेवटी म्हटलं, कारखान्यातच वाढू. उजव्या कानात सर, त्यावर स्कार्फ, आणि डावा कान कपांना. एवढा अनुभव आहे, एक कान पुरे झाला.

सरांचा आवाज तर काय, मध. "कुणालाही नाकारू नका... प्रत्येकात काहीतरी सुंदर असतं... फक्त ऐका..." आणि खरं सांगते, मला ऐकू यायला लागलं. सगळे कप टण्ण. पहिल्या दिवशी साठाचे नऊ फुटले, दुसऱ्या दिवशी चार, तिसऱ्या दिवशी एक, तोही कोपर लागून. मॅनेजर तक्ता घेऊन पळत आला, "मॅडम, याला म्हणतात वाढ. खुर्ची तुमचीच समजा. सरांनाच बोलावतो, सगळ्यांसमोर जाहीर करू."

आता, रोजचे ते साठ जण गेले कुठे? घरी आले. कपाटाचं दार ओढलं, बिजागरीसकट हातात. बादलीला लाथ घातली ती जिन्यावरून तीन मजले गेली, वाटेत शेजाऱ्यांच्या पोटरीला भेटून. यांनी नुसतं "मीठ जरासं..." एवढंच म्हटलं, वाक्यही पुरं नाही केलं बिचाऱ्यांनी, तर ओट्यावर डाव असा आपटला की फरशीचे दोन तुकडे. लेक खोलीत कडी लावून बसली. हे दारात एक पाय बाहेर ठेवून, हळूच, "तुमच्या कारखान्यात संप-बिंप आहे का?" छे हो, म्हटलं, मी वाढतेय.

चौथ्या दिवशी कँटीनमध्ये कार्यक्रम. समोर ती खुर्ची, हार घातलेली, तिच्यावर सर. सगळ्यांच्या हातात आमचेच ताजे कप, त्यात वाफाळता चहा. सर म्हणाले, "या ताईंकडे बघा, यांनी फोडणं सोडलं." टाळ्या. "आता सगळ्यांनी डोळे मिटा... कप दोन्ही हातांनी धरा... त्याची ऊब आत येऊ द्या..."

थद्द.

त्या दिवशी माझे दोन्ही कान मोकळे होते, मला लख्ख ऐकू आलं. सरांच्या बोटात राहिला फक्त कपाचा कान, बाकी कप मांडीवर, आणि ऊब जिथे यायची तिथे आली. सर जे उडाले... आणि जो शब्द बोलले, तो मी नवऱ्यालासुद्धा भिंतीमार्फतच म्हणते. माइक फेकला तो मॅनेजरच्या कपाळावर. मॅनेजरचा कप थद्द. तिसरी रांग थद्द, पाचवी रांग थद्द, पॅकिंगवाले टेबलावर नाचतायत, हिशेबनीस नळाखाली पाय धरून बसलाय. प्रत्येकात काहीतरी सुंदर होतं, ते सगळं बाहेर आलं. आणि सरांनी शेवटची लाथ घातली ती कशाला? खुर्चीला. माझ्या. पाय मोडला तिचा.

नर्सने सगळ्यांना मलम लावलं, आणि जाता जाता माझा डावा कान तपासला. गेलाय म्हणाली, कधीचाच. बारा वर्षं भट्टीच्या पंख्याकडे असतो ना तो. आणि हे माझ्या डाव्या बाजूला झोपतात... मला वाटायचं, यांचं घोरणं थांबलंय.

मग गोदामातून तीन दिवसांचा माल परत आला. सगळा वाजवला, उजवा कान लावून. दीडशेच्या वर निघाले. एका सकाळीत फोडले सगळे. सरांचे वीस, नणंदेचे पंचवीस, सर्टिफिकेटचे, मॅनेजरचे, बसवाल्याचे... नावं संपली हो माझी. शेवटचा उरला, त्याला माझंच नाव घेतलं. सांगते तुम्हाला, तो सगळ्यांत जोरात फुटला. किती हलकं वाटलं म्हणून सांगू. मी तशी शांत बाई आहे.

खुर्ची सर्टिफिकेटला मिळाली, पायाखाली वीट लावून. आठवड्यात माझ्या टेबलाशी येऊन उभी. "मावशी, एखादा थद्द द्या ना. तिथे बसून दिवसभर नुसतं हसावं लागतं हो." दिले दोन. तिने नावं मनातच घेतली, पण माझ्याकडे बघत घेतली. असू दे. बसून फोडलं तर जोर लागत नाही, हे मला कळलं, तिलाही कळेल.

आजपासून चार दिवस कारखाना बंद. काल सुटल्यावर बघते तर हे फाटकाशी, हातात मोठी पिशवी, समोर मॅनेजर कपाळाला पट्टी लावून. हे हात जोडून म्हणत होते, "साहेब, नियम आहे, माहितीय मला. पण आठ-दहा तडा गेलेले अख्खेच द्या. चार दिवस आहेत... घरी माणसं आहेत."

मॅनेजरने दोन डझन दिले.