मासोळीचा डिंकाचा लाडू

तुम्हाला सांगते, आमच्या दिग्रसच्या घरी माणसांपेक्षा मासोळीचं बाळंतपण अवघड गेलं. काचेच्या टाकीतली ही मासोळी अंडी तोंडात धरते आणि पिल्लं मोठी होईपर्यंत काहीच खात नाही. माझ्या लेकरानं एक घास टाळला तरी माझा जीव वर-खाली होतो. पण आमच्या यांनी बजावलं होतं, "तिले हात लावू नको. घाबरली तर पिल्लं गिळून टाकते."

सासूबाईंना काही ते पटलं नाही. "बायंतीन उपाशी कायले ठेवता?" म्हणाल्या आणि डिंकाचा लाडू कुस्करून टाकीत टाकला.

तुपाचा तवंग आला, पाणी गढूळ झालं, मासोळी वर येऊन धापा टाकू लागली. मी रडत रडतच तिला जाळीनं उचलून बादलीतल्या पाण्यात सोडलं. तिनं तोंड उघडलं आणि इवलीइवली पिल्लं भराभर बाहेर पडली. सगळी जिवंत!

मी म्हटलं, "आई, तुमच्या लाडवानं मेले असते ना सारे!"

"मेले कुठं? लाडवाचा वास लागला म्हणून तर मोकळी झाली बिचारी. थांब, दुसरा आणते."

त्या आत गेल्या, आणि मी बादलीवर परात झाकून तिला मिठी मारून बसले.