शंभरातली चौऱ्याण्णव जगली

—नाही नाही, किल्ली देत नाही असं कुठं म्हनलो साहेब? देतो न. किल्ली काय माह्या बापाची हाय? सरकारची हाय. पन आधी बसा तं खरं, चहा टाकला हाय, आश्विनातलं ऊन हाय, साकोलीहून जीपमधी हाडं खिळखिळी झाली असतीन. तुमी येनार हे सरपंचानं, मधुकररावानं, परवाच सांगतलं होतं — वनीकरनाचे नवे साहेब येतीन, तुलाराम, अंगनात झाडू मारून ठेव. मारला. पाहा न, पान नाही सापडनार. आन् उद्याचं बी सांगतलं. दहा वाजता पाहुने येतीन, फीत कापतीन, मंग फाटक उघडाचं आन् गावातल्या बाया विळे घेऊन आत, गवत कापाले. बरोबर हाय. ठरावच तसा होता — पाच वर्सं बंद, मंग गावाचं. ब्यांशी साली ग्रामपंचायतीच्या वट्यावर माह्यासमोर वाचला होता. मी काय म्हनतो — एक महिना थांबता नाही येनार? दिवाळीनंतर ठेवा. गवत कुठं पळून चाललं? काहून म्हंजे... असंच. माह्या मनात आलं.

तुमाले वाटते राखनदार हाय, झाडाइले जीव लावून बसला, आता सोडवत नाही. वाटू द्या. खोटं नाही ते. ही जागा तुमी पाहिली नाही साहेब. टकली होती, टकली! वीस हेक्टर मुरूम, बोराटीचं झुडूप नाही. पानी पडलं की माती वाहून तलावात, तलाव गाळानं भरला, खालच्या धानाच्या बांध्या सुकल्या, धान पोटऱ्यात आला की करपे. मंग वनीकरनवाले आले, म्हने गावानं जागा द्यावी, आमी रोपं देतो, मजुरी देतो, माती थांबन, पानी थांबन. लोकं हसले. मी नाही हसलो. साग, बांबू, आवळा, सुबाभूळ — एकेक खड्डा माह्या हातचा. पहिल्या उन्हाळ्यात माही बायको, सत्यभामा, डोक्यावर पितळी गुंड, म्हंजे घागर, घेऊन पानी घाले, मान आखडली तिची. म्हने, आपल्याले लेकरं असते तं इतकं केलं असतं का तुमी? मी म्हनलो, हेच लेकरं हायेत. तिसऱ्या वर्षी नागपूरचे मोठे साहेब मोजाले आले — शंभरातली चौऱ्याण्णव जगली! जिल्ह्यात कुठंच नाही. फोटू काढला माहा. तो पाहा, भिंतीवर. तलावात आता मार्चपर्यंत पानी राहते. मंग? काम वाईट होतं का? सांगा तुमी.

वाईट झालं ते एकाचंच. चिंधूचं. मधुकररावानं नाव घेतलं असन तुमच्यापाशी — नाही? नाही घेनार. चिंधू गायकी. गावची गुरं तो राखे, त्याचा बाप बी राखे, आन् राखे ते ह्याच जागेवर. टकली असो का काही असो, पावसानंतर चार महिने गवत होतंच. आमी तार ओढली, खंदक खनला, फाटकाले कुलूप घातलं. त्याले म्हनलं, गवत कापून देऊ. पन पहिली वर्सं तं कापाची बी मनाई होती, वरून हुकूम. मंग तो जाईल कुठं? जंगलाच्या कडंले जाऊन राहिला. पाय अधू त्याचा, वय साठीचं. मी आन् तो एका वर्गात होतो, दुसरीपर्यंत. पंच्याऐंशीच्या वैशाखात वाघानं नेलं त्याले. दिवसाढवळ्या, चार वाजता. मी तवा विहिरीवर होतो. काही ऐकलं नाही. पंचनाम्यात तसंच लिहिलं हाय, अंगठा हाय माहा — म्हंजे सही. सही येते मले.

चहा घ्या न. थंडा होऊन राहिला.

काय सांगू साहेब, जनावराले पहिले कळते. मानसाले नाही कळत. बावीस गुरं, सगळ्याइच्या शेपट्या वर, डोळे पांढरे, एकमेकाच्या अंगावर चढून राहिले, खंदकाच्या काठाकाठानं असे वादळासारखे आले फाटकाकडं — हो, म्हंजे लोकं सांगतेत. विहिरीवरून? विहिरीवरून दिसते न, असं मान वाकडी केली तं...

नाही दिसत. तुमी आत्ताच विहीर पाहून आले, खालच्या अंगाले हाय, नाही दिसत.

मी इथंच होतो. तुमी बसले त्या जागेवर. दुसऱ्या दिशी मोजाले मोठे साहेब येनार होते, मी चुन्यानं दगड रंगवून राहिलो होतो. चिंधू फाटकाशी आला, छाती भात्यासारखी, म्हने — तुलाराम, फाटक खोल. मी म्हनलो काहून? म्हने, वाघ हाय मांगं, खोल लवकर. आधी मले वाटलं बहाना करते. मंग मी गुराइकडं पाहिलो. बहाना नव्हता. किल्ली माह्या करदोड्याले होती साहेब, असा हात लावला मी तिले. आन् माह्या डोळ्यासमोर काय आलं? चिंधू नाही आला. बावीस गुरं रोपावरून खुंदडत जाऊन राहिली हे आलं. तीन वर्सं! मी म्हनलो, तू ये, तारेखालून ये, मी तार उचलतो, गाई नको. उचलली बी तार. हे पाहा, तळव्यावर तारेच्या काट्याचा डाग हाय. तो वाकला. अर्धा आत आला होता. मंग मांगं वळून पाहिलं त्यानं, आन् म्हने — गावाची जनावरं हायेत रे, टाकून कसा येऊ? आन् उभा झाला. मले शिवी नाही देल्ली. काठी उचलली, हाळी घातली, आन् लंगडत निघाला गुरं घेऊन, नाल्याच्या वळनाकडं. तेवढंच.

एकवीस गुरं घरी आली.

दहाव्याच्या दिशी त्याची बायको, आनंदाबाई, इथं आली. बसली नाही. इचारलं — भाऊजी, तुमाले हाक मारली का त्याइनं? मी म्हनलो, नाही वहिनी. ती गेली. दोन वर्सं झाली, तिनं पुन्हा नाही इचारलं. सत्यभामानं बी नाही इचारलं, पन तवापासून ती आत पानी घालाले आली नाही.

हे सगळं तुमाले कायले सांगून राहिलो? मले दिवाळीनंतरचं बोलाचं होतं. आता अर्धं सांगतलं तं — ऐका. नाल्याकाठी बांबू आता असा गच्च झाला हाय की दुपारी अंधार पडते. गवत छातीएवढं. पाच वर्सं मानूस नाही, ढोर नाही, मंग डुकरं आली, हरनं आली. पोळ्याच्या आधी मी वल्या रेतीत पाय उमटलेले पाहिलो. एक मोठा. बाजूनं दोन लहान, मांजरीएवढे. हो. वाघीन हाय आत. व्याली हाय, आत. आपल्या फाटकाच्या आत. आन् पिल्लंवाली हाय, ती पळनार नाही साहेब, ती अंगावर येनार. दिवाळीपर्यंत पिल्लं मोठी होतीन, मंग ती त्याइले घेऊन मोठ्या जंगलात निघन. मी नाही बोललो कोनापाशी. गावाले कळलं तं काडी लावतीन, एका दिवसात राख. आन् दुसरं — हसू नका — मले बरं वाटलं होतं. आपन लावलेल्या झाडात वाघीन व्याली, म्हंजे जंगल झालं, असं वाटलं. रोज जाऊन पाय पाहे मी. परवा पाय फाटकापासून तीस पावलांवर होते.

उद्याच्या यादीत बेचाळीस बाया हायेत. पहिलं नाव आनंदाबाईचं — मधुकररावानं मुद्दाम टाकलं, फोटूत विधवा बाई बरी दिसन म्हने. ती पहिली शिरन गवतात, खाली वाकून. सांगा, मी किल्ली कशी देऊ? तवा उघडाची होती तं नाही उघडली. आता नाही उघडाची, तं गाव म्हनते म्हातारा झाडाचा लोभी हाय.

तुमी लिहून काहून नाही घेऊन राहिले? कागद हाय न मांडीवर.

काय? पुन्हा बोला. ... पाहुन्याइचे पत्र गेले, मांडव घातला, आता नाही थांबत म्हनता? बायाइले काठाकाठानं फिरवू. ढोल वाजवू. कार्यक्रम झाला की पाहू.

पाहू.

उचलली किल्ली? उचला. मी हात नाही धरत तुमचा, तुमी साहेब आहा. पन मी गावात चाललो. दवंडी नाही देत, घाबरू नका. काडी लागाची भीती तुमच्याहून मले जास्त हाय. एकाच घरी चाललो, आनंदाबाईच्या. दोन गोष्टी सांगाच्या हायेत तिले, आन् उद्याची तिनं ऐकावी असं वाटत असन तं आधी तवाची सांगा लागन. मंग ती माह्या तोंडावर थुंको, का गाव गोळा करो.

आता दारातून बाजूले व्हा साहेब. बाजूले व्हा म्हनलो न.