तीन डिस्क आणि एक फडकं

(फोटो स्टुडिओ. दुपार. टेबलावर उघडून ठेवलेला कॉम्प्युटर. दाराशी लेकीची भरलेली बॅग.)

लेक : ये रे माझ्या मागल्या! तिन्ही डिस्क दिसतायत, पण मशीन सुरू होताना त्यांना जोडतच नाही.

बाबा : अगं, मगाशी तर फोटो दिसत होते.

लेक : मगाशी मी हाताने, कमांड टाइप करून जोडल्या होत्या.

बाबा : म्हणजे गेले? वीस वर्षांचे फोटो?

लेक : फोटो आहेत हो! पण पाचच्या गाडीने मी गेले, की उद्या सकाळी कोण जोडणार?

बाबा : ते काळ्या पडद्यावर टाइप करणं मला नाही जमायचं.

लेक : मग मशीन बंदच करू नका.

बाबा : दुकान बंद म्हणजे सगळं बंद. एकही बटण चालू ठेवून कधी कुलूप लावलं नाही मी.

लेक : देवा! बरं, दोन दिवस विचारतेय, आता तरी खरं सांगा. मी यायच्या आधी कशाला हात लावलात?

बाबा : कशालाच नाही.

लेक : बाबा...

बाबा : धूळ साचली होती गं. वायरी काढल्या, फडक्याने पुसलं, परत लावल्या.

लेक : होत्या त्याच जागी?

बाबा : बसल्या तिथे. तिन्ही सारख्याच तर आहेत!

लेक : कपाळ माझं! शंभरदा बजावलं होतं, हात लावू नका म्हणून!

बाबा : लावला खरा. आता झेपत नाही मला हे. स्टुडिओच बंद करतो, म्हणजे तुलाही त्रास नको.

लेक : लगेच टोक गाठू नका हो! थांबा, ती यादी बघू दे... अरेच्चा.

बाबा : काय झालं?

लेक : मशीन सुरू होताना ही यादी वाचतं. यात डिस्कच्या जागा लिहिल्यात. जागा बदलल्या, की बसलं शोधत! खरं तर प्रत्येक डिस्कला स्वतःचा ओळख क्रमांक असतो. तो लिहायला हवा होता.

बाबा : यादी कुणी केली?

लेक : ...मीच.

बाबा : हं.

लेक : यादीत ओळख क्रमांक घातले. मशीन सुरू होताना यादीची जी प्रत वाचतं, तीही नवी केली. आता तुम्हीच मशीन बंद करून परत चालू करा.

बाबा : करतो... थांब हं... आले! अगं, फोटो आले!

लेक : आपोआप! आता वायरी कुठेही खुपसा. बाबा, चूक माझी होती, आणि दोन दिवस तोंडसुख घेतलं तुमच्यावर.

बाबा : असू दे गं. दोन दिवस दुकानात कोणीतरी बोलत तरी होतं.