मोहाच्या झाडाखालची चौकशी

...अन् वरून मलेच म्हणतात, 'सोमाजीभाऊ, फुंका!' मले! अजी, ती दारू तपासाची फुंकायची मशीन मी रोज तेरा जणांच्या तोंडासमोर धरतो, अन् त्या दिवशी तीच नळी माह्या तोंडात! सात वर्षं झाली मले दारू सोडून, सात! तुम्हाले सांगतो, भल्याचा जमानाच नाही राहिला.

तुम्हाले ठाऊक नसंल म्हणून सांगतो. साकोलीच्या बाहेर, हायवेपासून थोडं आत, आमचं ते घर हाय. दवाखान्यातून दारू सुटलेला माणूस एकदम गावात गेला का चौथ्या दिवशी पुन्हा गुत्त्यावर, म्हणून मधातले सहा महिने आमच्याकडं राहतो. सैपाकाले सुंदरबाई, साऱ्यांच्या वर सरिता मॅडम, अन् लक्ष ठेवाले मी. लक्ष म्हणजे कसं? गेटातून माणूस आला का पह्यले तोंड हुंगायचं, मंग रामराम! एक डाव मॅडमच्या सासऱ्याचंही हुंगलं. काहून नाही हुंगायचं? पाहुणे कोरडेच येतात असं कुठं लिहून हाय का? मले कोणावर शक नाही, बाप्पा... पण नाक त हाय ना!

अन् हे नाक असं फुकटात नाही झालं जी. मी काय काय केलं ते मले ठाऊक! खोकल्याच्या औषधाच्या शिशीत भरली, कूलरच्या टाकीत ठेवली, शेवटी देवघरातल्या गंगाजलाच्या तांब्यात लपवली, अन् सोमवारी बायकोनं तीर्थ म्हणून शेजारणीले देली! शेजारीण म्हणते, 'वहिनी, यंदाचं गंगाजल जरा कडक हाय...' तवापासून मले कोणतंही भांडं सरळ दिसत नाही.

त यादोराव, त्या तेरा जणातलाच एक. चिखल्याच्या खाणीतला माणूस, पंचावन्नचा, दिवसभरात चार शब्द बोलला त बम झालं. आता मले सांगा, जो बोलते त्याच्या पोटात काय हाय ते कळते, जो बोलतच नाही त्याचं काय करायचं? चैत लागला अन् हा पठ्ठ्या पहाटे पाचले उठाले लागला. खराटा घेते, पोतं घेते, मागच्या दारानं निघते. अर्ध्या घंट्यानं परत येते त हात धुतलेले अन् तोंडात सोप, म्हणजे बडीशेप! सोप! माणूस सकाळी-सकाळी सोप कायले खाते?

अन् घराच्या मागं काय हाय, ठाऊक हाय? मोहाचं झाड! ज्या मोहाच्या फुलाची दारू पिऊन अर्धा जिल्हा आडवा झाला, तेच झाड दारू सोडणाऱ्याच्या घरामागं! जागेचा मालक तोडू देत नाही, म्हणते, 'माह्या आज्याच्या आधीचं झाड हाय, हात लावाल त याद राखा.' चैतात पहाटे फुलं टपटप पडतात, अन् तो गोड वास खिडकीतून असा आत येते... जाऊ द्या, तुम्हाले नाही कळणार. ज्यानं प्यायली त्याले कळते.

मी सुंदरबाईले सांगतलं, 'बाई, हा माणूस मागं भट्टी लावून राहिला.'

ते भाकर थापता-थापता म्हणते, 'झाडून राहिला असंल ना जी!'

'अवो, स्वतःच्या खाटेखालचं झाडत नाही तो, अन् दुनियेचं झाडते?'

'मंग जाऊन पाहा नं. मले कायले सांगता?'

गेलो! डोक्यावर दुपट्टा घेतला, कंपाउंडच्या भिंतीले धरून, ओणवा होऊन, मांजरावानी. मले कोणावर शक नाही, पण नाक त हाय ना! पाहतो त काय, यादोराव झाडाखालची फुलं झाडते, पोत्यात भरते, इकडं-तिकडं पाहते. इकडं-तिकडं काहून पाहते? मले नीट दिसावं म्हणून दोन पाय मागं सरलो, अन् धबाक्!

खताचा खड्डा, बाप्पा. त्याच्यावर पालापाचोळा पांघरलेला. गुडघ्यापर्यंत आत, अन् बसलो त कमरेपर्यंत! अन् त्याच्यात काय? दहा दिवसांची मोहफुलं, वरून सुंदरबाईच्या मोरीचं पाणी, अन् चैताचं ऊन! फसफस, फसफस करून राहिलं होतं सारं. दारू गाळायच्या आधी फुलं सडवतात ना, तसा सडवा, आपोआप तयार!

आता खरं सांगू? इथं हसू नका. बाहेर निघाले मले दोन मिनिटं पुरली असती. मी निघालो नाही. बसलो. तो वास नाकातून डोक्यात गेला अन् सात वर्षं कुठं गेली समजलंच नाही. हात ओला होता. हाताकडं पाहून राहिलो होतो मी... नुसता पाहून राहिलो होतो.

वरून खराट्याचा दांडा आला. दांड्याच्या त्या टोकाले यादोराव. म्हणते, 'धरा, सोमाजीभाऊ. इथं बसायचं नसते.'

धरला. बाहेर आलो अन् पह्यलं काय केलं? ओरडलो त्याच्यावर! 'हे काय चालवलं तू? दारू गाळून राहिला?'

'नाही जी. हे गाडून राहिलो. वास आला का आपल्यातला सर्वात लहान तो कैलाश खिडकीत येऊन बसते अन् त्याचे हात थरथरतात. पोराचं वय काय? म्हणून तो उठायच्या आधी उचलतो.'

'अन् सोप?'

'हाताले, तोंडाले मोहाचा वास राहते ना. तुम्ही हुंगता.'

'मंग मले सांगाचं होतं!'

'सांगतलं असतं त तुम्ही पह्यले कैलाशचंच तोंड हुंगलं असतं.'

अजी, हुंगलंच असतं!

मागच्या दारानं आत आलो त नळावर बारा जण ब्रश तोंडात धरून उभे. अन् माह्या अंगाचा वास! दोन-चार जणायनं त डोळेच मिटले. कैलाश धावत जाऊन मशीन घेऊन आला, लग्नाचं आमंत्रण असल्यावानी! मॅडम आल्या. मी म्हटलं, मागच्या खड्ड्यात पडलो. म्हणतात, 'सोमाजीभाऊ, नियम सगळ्यांना सारखा. फुंका.' फुंकलं. सारे मशीनवर वाकले, जणू दहावीचा निकाल! शून्य. एकाचंही तोंड आनंदी नाही झालं, तुम्हाले सांगतो!

मॅडम म्हणतात, 'पण खड्ड्यात इतका वेळ काय करत होता?'

मी अंगावरची फुलं झटकाले लागलो. अन् यादोराव, चार शब्दांचा माणूस, म्हणते, 'पाय मुरगळला होता त्यायचा.' मॅडम त्याले विचारतात, 'आणि तुम्ही रोज मागे काय करता?' 'कचरा झाडतो जी.' कैलाशचं नाव नाही. मंग मीही नाही घेतलं. तुम्हीही कोणाले सांगू नका.

दुपारी त्याले बाजूले घेतलं. 'काहून खोटं बोलला माह्यासाठी? काय पाहिजे तुले?' आता मले कोणावर शक नाही, पण कारण नको का?

तो खाट विणून राहिला होता. मान वर न करता म्हणते, 'मशीननं शून्य सांगतलं नं? बाकीचं कायले सांगाचं?'

मॅडमनं खड्डा मातीनं बुजवाले लावला अन् हुकूम काढला, मोहाखाली एकट्यानं कोणी जायचं नाही, जायचं त जोडीनं. म्हणून आता रोज पहाटे आम्ही दोघं झाडतो. यादोराव माह्यावर लक्ष ठेवते, मी यादोराववर लक्ष ठेवतो... अन् बारा जण लवकर उठून, चहा घेऊन, गच्चीवरून आम्हा दोघांवर! कैलाश त खुर्ची घेऊन बसते. हात थरथरत नाहीत आता त्याचे, बाप्पा... करमणूक होते ना त्याची!